चार स्वभावांची वेल

कात्री जरा खाली ठेव, बाय. मिरवेल छाटायची तर आधी तिची ओळख करून घ्यावी लागते. एकाच वेलीच्या अंगावर चार तऱ्हेच्या फांद्या असतात. मूळ एक, रस एक; पण एक फांदी धावते, एक चढते, एक फळते आणि एक नुसती लोंबते. ह्यातली कुठली कापायची, कुठली बांधायची आणि कुठलीला बोटसुद्धा लावायचं नाही, एवढं कळलं की मिरीची निम्मी शेती कळली. उरलेली निम्मी पाऊस करतो, आणि आंबोलीत त्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

बाबू, तूही ये असा पुढे. पण फणसाच्या बुंध्यावर हात टेकू नकोस, आधी नीट बघ. आपल्याकडे मलबारी चापडा वेलीत असा बसतो की पान कुठलं आणि साप कुठला ते कळत नाही. हिरवा असतो, तपकिरी असतो, कधी पिवळासुद्धा असतो. तो आपणहून अंगावर येत नाही. पण आपणच त्याच्यावर हात ठेवला तर त्यानं तरी काय करावं? म्हणून आंबोलीच्या परड्यात वेलीत हात घालण्याआधी लांब काठीनं पानं हलवायची. छाटणी त्यानंतर.

आता खालून वर जाऊ.

बुंध्याजवळून निघून जमिनीवर सरपटत गेलेली ही बारीक फांदी दिसते ना, ही धावती. हिची पानं बघ, वरच्या पानांपेक्षा लहान आहेत. पेरं लांब लांब आहेत. आणि हे पेर उचलून बघ, खाली पांढरी मुळं सुटलेली आहेत. रानात मिरीचं बी कोण पेरतो? पाखरं. पिकलेली लाल फळं खातात आणि बी भलत्याच ठिकाणी टाकून जातात. तिथं झाड असेलच असं नाही. मग वेलीला झाड शोधत जावं लागतं, आणि त्या कामासाठी ही फांदी. पानं वाढवण्यात ती ताकद घालवत नाही, लांबी वाढवते. प्रत्येक पेराला मूळ धरते, म्हणजे मागून कुणी तोडली तरी पुढचा तुकडा जगावा. फुलं, फळं हे तिच्या गावीही नसतं.

“मग ती कापायची?” बायचा हात लगेच कात्रीकडे गेला.

कापायची, पण फेकायची नाही. नवीन रोपं हिच्यापासूनच होतात. पावसाळा संपला की ह्या धावत्या फांद्या जमिनीवर मोकळ्या सोडायच्या नाहीत. बुंध्याशी एक खुंटी ठोकायची आणि तिच्याभोवती त्या गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे जमिनीत मुळं धरत नाहीत आणि रस साठवून जून होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या कापायच्या, दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे, पानं काढून टाकायची आणि पिशव्यांत माती, वाळू, शेणखत घालून सावलीत लावायचे. ते बघ, विहिरीकडे ठेवलेत ते. मृग लागला की जमिनीत जातील.

आता मे संपत आलाय, रोहिणी नक्षत्र चालू आहे. आज ज्या धावत्या फांद्या उरल्या आहेत त्या पावसाआधी काढायच्याच. का ते पुढे सांगतो. त्यात एक खलनायक आहे, त्याला असा घाईत आणून चालणार नाही.

दुसरी चढती. धावत्या फांदीला बुंधा भेटला की ती तोंड वर करते आणि तिचा स्वभावच पालटतो. कांडं जाड होतं, पानं मोठी होतात आणि पेरापेराला आखूड, दाट मुळं फुटतात. ती सालीला अशी चिकटतात की ओढून काढायला गेलं तर सालीचा पापुद्रा सोबत येतो.

बाबूनं विचारलं, “आजोबा, म्हणजे ही फणसाचा रस पिते?”

पीत नाही रे. बांडगूळ पितं. आंब्यावरचं बांडगूळ आपलं मूळ फांदीच्या आत घुसवतं आणि तिथून पाणी ओढतं. मिरीची ही मुळं सालीच्या वर राहतात, त्यांचं काम फक्त धरून ठेवण्याचं. पुरावा हवा? आज जगात सगळ्यात जास्त मिरी व्हिएतनाममध्ये होते, आणि तिथं कितीतरी बागांत वेली विटांच्या नाहीतर सिमेंटच्या खांबांवर चढवतात. सिमेंटच्या खांबातून कसला रस मिळणार? खाणंपिणं सगळं जमिनीतल्या मुळांचं, आणि ती मुळंही वरच्या दोन-अडीच फुटांतच पसरलेली. म्हणून मिरीच्या आळ्यात कुदळ मारायची नाही. पालापाचोळा पसरायचा, वर शेणखत, त्यावर माडाची सोडणं. तण हातानं उपटायचं.

आपल्याकडे खांबाची गरज पडत नाही. सुपारी आहे, माड आहे, फणस, आंबा, पांगारा आहे. रत्नागिरीजवळ भाट्याला कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. माडांच्या मधल्या जागेत मिरी, दालचिनी, जायफळ लावायचं तिथलं शिक्षण कोकणभर पसरलं. लोक त्याला लाखी बाग म्हणतात. वेल लावताना एवढं बघायचं की ती झाडाच्या उत्तरेच्या अंगाला, बुंध्यापासून फूटभर लांब लागावी. दक्षिणेकडून येणारं हिवाळ्या-उन्हाळ्यातलं ऊन मग बुंधा अडवतो, आणि कोवळी वेल करपत नाही. सुरुवातीला मुळं धरेपर्यंत केळीच्या सोपानं सैल बांधायची. प्लास्टिकची सुतळी नको, ती कांड्यात रुतते.

ह्या चढत्या फांदीच्या टोकाला एक हुकूमशहा बसलेला आहे.

बघ, हा शेंडा. प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. त्या डोळ्यातून फांदी फुटू शकते, पण कितीतरी डोळे झोपलेले राहतात. त्यांना झोपवतो तो शेंडा. चार्ल्स डार्विन माहीत आहे ना? माकड-माणसाच्या पूर्वजांवरून लोक त्याला ओळखतात, पण म्हातारपणी तो गवताच्या कोंभांच्या मागे लागला होता. मुलगा फ्रान्सिस सोबतीला. एका बाजूनं उजेड आला की कोंभ तिकडे वळतो, हे सगळ्यांना दिसत होतं. डार्विन बाप-लेकांनी कोंभाच्या टोकावर छोटी टोपी घातली. कोंभ वळेनासा झाला! वळण खालच्या भागात पडतं, पण उजेड बघतं ते टोक. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असं त्यांनी 1880 च्या पुस्तकात लिहिलं. तो निरोप पुढं 1928 मध्ये नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंट यांनी पकडला. कोंभाची टोकं कापून त्यांनी आगरच्या तुकड्यांवर ठेवली. टोकातलं द्रव्य आगरमध्ये उतरलं आणि नुसत्या त्या तुकड्यानंही बिनटोकाचा कोंभ वळला. त्या द्रव्याचं नाव ऑक्झिन. नंतर घेवड्याच्या जातीच्या रोपांवर प्रयोग झाले. शेंडा खुडला की बाजूचे डोळे जागे झाले, आणि खुडलेल्या जागी ऑक्झिन लावलं की पुन्हा झोपले.

आजीला ह्यातलं काही ठाऊक नाही. पण ती तुळशीच्या मंजिऱ्या आणि शेंडे खुडते, अबोलीचे शेंडे खुडते. विचारलं तर म्हणते, “खुडलंय नाय तर फुटतला कसा?”

मिरीचंही तेच. नवी वेल सात-आठ पेरांची झाली की शेंडा खुडायचा. खालून दोन-तीन चढत्या फांद्या येतात. त्या बांधून घ्यायच्या, पुन्हा वाढल्या की पुन्हा एकदा खुडायच्या. नाहीतर एकुलती एक फांदी सरळ फणसाच्या माथ्यावर जाऊन बसते, आणि खाली हाताशी नुसता दोर राहतो. केरळातले जुने शेतकरी ह्याहून धीट. पहिल्या वर्षभरात वाढलेली वेल ते झाडावरून अलगद सोडवून घेतात, बुंध्याजवळ चर खणून त्यात ती गोल गुंडाळून पुरतात आणि फक्त शेंडा वर ठेवून पुन्हा बांधतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, डोळे जागे होतात, आणि एका वेलीच्या जागी पाच-सहा फांद्या झाडाला वेढून वर येतात. मला ही युक्ती फार आवडते. पण आंबोलीच्या चिकट, ओल्या जमिनीत पुरलेलं कांडं कुजायचं भय असतं, म्हणून इथं शेंडा खुडलेला बरा.

आता तिसरी. चढत्या फांदीच्या पेरातून आडव्या निघालेल्या ह्या फांद्या बघ. ह्या फळत्या. ह्यांना चिकटणारी मुळं नाहीत. ह्या वर जात नाहीत, खाली जात नाहीत, हवेत आडव्या पसरतात. मिरीचा प्रत्येक दाणा ह्यांच्यावरच लागतो.

ही गेल्या सालची फांदी हातात घे, कापू नकोस. फळं काढल्यावर राहिलेले घोसाचे देठ दिसतात? आता सांग, घोस पानाच्या कुठल्या बाजूला होता?

बायनं फांदी उलटीसुलटी केली. “पानाच्या समोर.”

बरोबर. आता जास्वंदीकडे बघ. तिचं फूल पानाच्या बगलेत येतं, पान आणि फांदी ह्यांच्या बेचक्यात. बहुतेक झाडांची रीत तीच. मिरीचा घोस मात्र पानाच्या विरुद्ध बाजूला. कारण हा घोस म्हणजे फांदीचं टोक आहे! फळती फांदी वाढते, एक पान काढते, आणि तिचा शेंडाच घोस होऊन जातो. फांदी तिथं संपली. मग पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो, संपलेल्या टोकाला बाजूला ढकलतो आणि स्वतः सरळ पुढं जातो. तोही एक पान काढतो आणि घोस होऊन संपतो. मग पुढचा डोळा. आपल्याला दिसते ती एक सलग फांदी. खरं तर ती दर पेराला संपत आणि दर पेराला नव्यानं सुरू होत आलेली असते. चढत्या फांदीचा शेंडा संपायला तयार नसतो, म्हणून ती फळत नाही. हिचा शेंडा दर पेराला संपतो, म्हणून हिच्यावर मिरी.

तर ही कापायची का? अजिबात नाही. वाळलेली असली, किंवा अगदी खाली जमिनीला टेकत असली तरच.

चौथी कोण ते मान वर करून बघ. फणसाच्या दुबेळक्यापाशी वेलीला चढायला पुढे काही मिळालं नाही, म्हणून तिथून खाली सुटलेल्या दोऱ्या. ह्या लोंबत्या. ना धड चढतात, ना फळतात, नुसता रस पितात आणि सावली करतात. ह्या जूनमध्ये निर्दयपणे काढायच्या. शिडी लावून हात पोचेल तेवढीच वेल वर जाऊ द्यावी. वरच्या मिरीसाठी पावसानंतरच्या शेवाळलेल्या झाडावर चढणं मला परवडणारं नाही आणि तुझ्या बाबांना जमणारं नाही.

वेलीबरोबर फणसालाही छाटायचं. त्याच्या खालच्या फांद्या पावसाआधी कमी करायच्या, कारण आंबोलीत जून ते सप्टेंबर सूर्य दिसायची मारामार. वर्षाला सरासरी 7,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात दिवसदिवस धुकं. अशात वर गच्च सावली असली की वेल नुसती पानं काढते. पन्नियूर-1 नावाची जी जात लोक लावतात, केरळच्या पन्नियूर केंद्रात दोन जातींचा संकर करून काढलेली, तिला तर उघडीप हवीच. घोस लांब येतात, पण सावलीत रुसते. करीमुंडा ही जुनी केरळी जात सावली सोसते. घरामागच्या गर्द परड्याला मी करीमुंडाच सुचवेन.

आता पावसाची गोष्ट.

मार्च-एप्रिल-मे वेल तहानलेली असते, आणि ती तहान तिला लागते. उन्हाळ्याच्या ताणानंतर पहिला जोराचा पाऊस झाला, वीसेक दिवसांत सत्तरेक मिलिमीटर जरी पडला, तरी फळत्या फांद्यांना नवी पालवी येते आणि पालवीबरोबर घोस बाहेर पडतात. त्यानंतर पाऊस चालू राहिला पाहिजे. मधेच उघडीप पडून वेल सुकली तर घोस गळतात.

झाडं अशी कसल्या ना कसल्या इशाऱ्यावर अडून बसलेली असतात. आपल्या आंबोलीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं ऊस पैदास केंद्र आहे. इथं साखर कारखाना नाही, मग ऊस कशाला? तर देशावर ऊस नीट फुलत नाही, आणि इथल्या हवेत त्याला तुरा येतो. तुरा आला तरच दोन जातींचा संकर करता येतो. ऊस दिवस लहान होत जाण्याची वाट बघतो, मिरी पहिल्या पावसाची.

घोसावरची फुलं तुम्हाला दिसणारही नाहीत. पाकळ्या नाहीत, रंग नाही, मध नाही. टाचणीच्या डोक्याएवढी, घोसभर दाटीवाटीनं बसलेली. मधमाशीला बोलवायचं असतं तर असं फूल कुणी केलं नसतं. मग पराग कोण नेतं? घोस खाली लोंबतो. पावसाचं आणि दवाचं पाणी वरून ओघळतं, वरच्या फुलांचे पराग त्यात चिकटून खाली येतात आणि खालच्या फुलांवर पडतात. काही आपल्याच वजनानं पडतात. शिवाय एकाच फुलात स्त्रीचा भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर, म्हणून वरून येणारा पराग खाली वाट बघत असलेल्या फुलाला नेमका मिळतो. ज्या पावसात बाकीच्या झाडांची फुलं झडून जातात, त्याच पावसाला हिनं कामाला लावलंय.

केरळात एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगीज कालिकतहून मिरीच्या वेली उपटून जहाजात घालायला लागले. दरबारी घाबरले, आता आपला व्यापार बुडाला. सामुतिरी राजा म्हणाला, वेली नेतील. आपली तिरुवातिरा कशी नेतील? तिरुवातिरा म्हणजे आपलं आर्द्रा नक्षत्र. सूर्य साधारण 21-22 जूनला आर्द्रेत जातो, आणि तेव्हाचा पाऊस मिरीला हवा तसा, संथ आणि न थांबणारा. आपले शेतकरीही मृग-आर्द्रा मोजतात ते काही उगीच नाही. पण राजा निम्माच बरोबर होता बरं का! पाऊस फक्त मलबारातच पडतो असं थोडंच आहे? आज व्हिएतनाम, ब्राझील, इंडोनेशिया मिरी पिकवतात आणि आपण त्यांच्याकडून आणतोसुद्धा.

“एवढी भांडणं? मिरीसाठी?”

बाय, इजिप्तचा राजा दुसरा रामसेस मेला इसवी सन पूर्व 1213 मध्ये. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले. ती वेल तर फक्त सह्याद्रीच्या ह्या दक्षिणेकडच्या रानांची. कुणी, कुठल्या वाटेनं ते दाणे तिथवर नेले असतील, विचार कर! इसवी सन 408 मध्ये अलारिक नावाच्या सरदारानं रोमला वेढा घातला आणि उठवायची किंमत मागितली, त्यात सोनं-चांदीबरोबर 3,000 पौंड मिरी होती. आणि फार लांब कशाला, आपल्या खाली गोवा, त्याच्या खाली कारवार. तिथं गेरसोप्प्याला सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी राज्य करत होती. तिच्या बंदरांतून इतकी मिरी जायची की पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत.

आपल्या आंबोलीच्या रानातही मिरीच्या रानटी बहिणी आहेत. पान हुबेहूब असंच, विड्याच्या पानासारखं. विड्याचं पानही ह्याच कुळातलं, आणि औषधातली पिंपळीसुद्धा. पण रानमिरीच्या वेलीवर फळ बघायचं तर नशीब लागतं, कारण रानात बहुधा नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. नर वेल कधीच फळत नाही, मादी एकटी असली तर तिच्यावरही दाणे नाहीत. लागवडीतल्या मिरीत मात्र एकाच फुलात दोन्ही. हे माणसानं केलं. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी रानात भरभरून लगडलेली वेल दिसली असणार. त्यानं बी पेरलं नाही, तुकडा आणून लावला. बियांची वेल आईसारखी निघत नाही, तुकड्याची निघते. आपण विहिरीकडे जे तुकडे लावलेत ते त्याच जुन्या वेलींचे पुढचे तुकडे आहेत.

आता खलनायक.

त्याचं नाव फायटोप्थोरा. लोक बुरशी म्हणतात; पण शास्त्रज्ञांनी त्याची जात तपासली तेव्हा तो बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचा निघाला. त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढत मुळापर्यंत जातात. सुपारीचा कोळेरोग ह्याच्याच भावकीचा. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाटे कुजले, दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तोही ह्याचाच भाऊ. मिरीवर हा आला की पानावर काळे ओले डाग पडतात, बुंधा कुजतो, आणि हिरवीगार वेल दोन-तीन आठवड्यांत माना टाकते.

हा जमिनीत बसलेला असतो. पावसाचा थेंब जमिनीवर आपटतो, मातीचा शिंतोडा उडतो आणि हा खालच्या पानावर जाऊन बसतो. आता कळलं, धावत्या फांद्या पावसाआधी का काढायच्या? त्या म्हणजे त्यानं वर यावं म्हणून आपणच घातलेला जिना. खालची फूटभर पानं साफ करायची, आळ्यात सोडणं पसरायची म्हणजे माती उडत नाही, आणि पाणी साचू द्यायचं नाही. आळं उन्हाळ्यात खोलगट, पण पावसाळ्यात बुंध्याशी उंचवटा. आंबोलीच्या पावसाचं काही पाणी धबधब्यांनी घाट उतरून अरबी समुद्रात जातं, काही हिरण्यकेशीतून घटप्रभेला, कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. एवढ्या लांब जायला ते तयार असतं. आपण त्याला मिरीच्या आळ्यातून बाहेर काढायला एक चर द्यावा की नाही?

आणि बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डोचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. रोगासाठी नव्हे, चोरांसाठी! निळसर घाण दिसली की येणारेजाणारे द्राक्षं तोडत नसत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की सगळीकडे केवडा रोगानं पानं गेली, रस्त्याकडेची तेवढी राहिली. 1885 मध्ये त्यानं ते जगाला सांगितलं. परड्यातल्या चार वेलींना दहा लिटर पुरे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरात, प्लास्टिकच्या बादल्यांत. लोखंडाचं भांडं नको. चुना गाळून घ्यायचा आणि मग दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं. त्यात कोयत्याचं स्वच्छ पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना हवा. थर नसेल तर त्याच दिवशी फवारायचं, पानांच्या खालूनसुद्धा. उद्या हे काम आहे. जुने कपडे घाला, तोंडाला फडकं बांधा, आणि निळे झालात तर आईला माझं नाव सांगा.

काढणीबद्दल थोडक्यात. घोसातला एखादा दाणा लाल-नारिंगी झाला की अख्खा घोस काढायचा, आपल्याकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून उन्हात वाळवायचे. सालीतल्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं हवेला लागतात आणि काळी पडतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ती हीच क्रिया. तीन किलो हिरव्या मिरीची एक किलो सुकी होते. पूर्ण पिकलेले लाल दाणे आठवडाभर पाण्यात भिजवून साल काढली की तीच पांढरी मिरी.

“आणि तिखट का लागते?” बाबू.

पिपरिन. डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी 1819 मध्ये ते मिरीतून वेगळं काढलं. वीज वाहिली की होकायंत्राची सुई हलते हे पुढच्याच वर्षी दाखवणारे तेच ओर्स्टेड. आपल्या जिभेवर चटका ओळखणारी दारं आहेत, त्रेचाळीस अंशांच्या वर तापमान गेलं की उघडणारी. पिपरिन ती दारं गरम काही नसतानाच उघडतं, आणि मेंदूला वाटतं जीभ भाजली. मिरचीही त्याच दारातून येते. मिरचीच्या मदतीनं हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. किड्यांनी दाणे खाऊ नयेत म्हणून वेलीनं केलेली ही व्यवस्था, आणि आपण ती मालवणी मसाल्यात घालून खातो.

बाय, ही कुंडी तुझ्यासाठी. डोंबिवलीला न्यायची. हिच्याकडे नीट बघ, ही वेल नाही, झुडूप आहे. हे फळत्या फांदीपासून केलेलं रोप. गेल्या वर्षी फळत्या फांदीचा चार पेरांचा तुकडा घेतला, टोकाचं एक पान ठेवलं, खाली मुळं फुटायची पावडर लावली आणि प्लास्टिकच्या पिशवीत दमट ठेवला. ह्या फांदीला मुळं फुटायला वेळ लागतो, निम्मे तुकडे मरतात. पण जगला तर आडवाच वाढतो, वर चढत नाही, आणि पहिल्याच वर्षी घोस धरतो.

आता ह्यात खरं नवल काय आहे ते बघ. धावत्या फांदीच्या आणि फळत्या फांदीच्या पेशी उघडून बघितल्या तर आतली गुणसूत्रं तीच. अक्षर न अक्षर तेच. तरी तुकडा कापून वेगळा केला, नवी मुळं फुटली, नवी कुंडी मिळाली, तरी त्याला आपण फळती फांदी असल्याचं आठवतं. आपल्या घाटात बंगल्यांसमोर जी अरोकेरियाची झाडं लावतात, ख्रिसमस ट्री म्हणून, त्यांचंही असंच. शेंड्यापासून रोप केलं तर सरळ उभं वाढतं, आडव्या फांदीपासून केलं तर वर्षानुवर्षं आडवंच. गुणसूत्रांवर कुठला भाग वाचायचा आणि कुठला मिटून ठेवायचा ह्याच्या रासायनिक खुणा असतात. फांदीचा स्वभाव अशा खुणांत टिकून राहत असावा असं आजचे शास्त्रज्ञ मानतात.

कुंडीला सकाळचं ऊन पुरे. पाणी रोज, पण खालच्या बशीत साचू द्यायचं नाही. मूठभर शेणखत महिन्याला. फांद्या फार पसरल्या तर टोकं खुडलीस तरी चालेल. ह्यांचे नवे डोळे जागे होतात आणि नव्या डोळ्यांवरच घोस येतात. घोसांवर अधूनमधून झारीनं वरून पाणी घाल, तुमच्या बाल्कनीत पाऊस येत नाही.

“आणि हिला कधी सरळ वर जाणारी फांदी फुटली तर?”

फुटते कधी कधी, मुळाजवळून. लगेच ओळखशील: पेरापेराला बारीक मुळं असतील आणि शेंडा वर बघत असेल. ती ठेवलीस तर सगळा रस तीच घेणार, झुडपावर घोस कमी. पुस्तकाप्रमाणे ती कापायची. पण तुमच्या बाल्कनीला ग्रील आहे ना? मग वीतभर वाढू दे आणि मला फोन कर. ग्रीलच्या पलीकडे शेजाऱ्यांचं काय म्हणणं आहे ते आधी विचारून घेऊ.